घरी सर्व्हिसिंग केल्यावर बंद पडलेली स्प्लेंडर : ११ ते १९ मे २०२४ च्या नोंदी

गाडी वडिलांची आहे : २००६ सालची स्प्लेंडर प्लस, ९७.२ सीसी, कार्बोरेटरची आणि फक्त किकवर सुरू होणारी. गाव अमळनेर तालुक्यातले, बोरी नदीकाठचे. मी प्राथमिक शिक्षक आहे, मेकॅनिक नाही. पाने, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) आणि उन्हाळ्याची सुट्टी एवढ्या भांडवलावर हे काम अंगावर घेतले. अशाच प्रकारे घरी गाडी खोलून अडकलेल्या माणसाला उपयोग व्हावा म्हणून, ज्या चुका सांगायला संकोच वाटतो त्यांसह नोंदी ठेवल्या आहेत.

११ मे

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, काल झाली. बहीण माहेरी आलेली आहे आणि १९ तारखेला तिला पारोळ्याला सोडायचे आहे. त्याआधी गाडी ठाकठीक करावी, म्हणून सकाळी साडेसहाला अंगणातल्या कडुनिंबाखाली पोते अंथरून कामाला बसलो. इंजिन ऑइल बदलले, एअर फिल्टर नवा टाकला, प्लग घासून त्याची फट ०.७ मिलिमीटर ठेवली, कार्बोरेटर खोलून साफ केला आणि दोन्ही टॅपेट (व्हॉल्व्हची फट ठरवणारे स्क्रू) सेट केले. टाकीच्या तळाशी गंजाचा गाळ होता, म्हणून टाकीही उतरवली, धुतली आणि पत्र्यावर उन्हात ठेवली. आपल्याकडच्या मे महिन्यात टाकी वाळवण्यासाठी वेगळे काही करावे लागत नाही. दोन तासांत ती इतकी तापली होती की फडक्याशिवाय हात लावता येईना.

साडेबाराला सगळे जोडून किक मारली. गाडी सुरू झाली नाही. चोक देऊन, चोक काढून, ॲक्सिलरेटर थोडा पिळून, अजिबात न पिळता अशा पन्नासच्या वर किका मारल्या. शेवटी पेट्रोलचा वास यायला लागला तेव्हा प्लग काढला, तर तो ओलाचिंब. कॉक बंद केला, प्लग बाहेर ठेवून ॲक्सिलरेटर पूर्ण पिळला, दहा-बारा किका मारून सिलिंडरमधले जादा पेट्रोल बाहेर काढले आणि प्लग वाळवून परत बसवला. फरक पडला नाही. उजव्या पोटरीला गोळा आला, तेव्हा थांबलो.

एक चूक त्याच दिवशी लक्षात आली होती. कार्बोरेटरचा हवेचा स्क्रू काढण्यापूर्वी तो किती फेऱ्या घट्ट होतो ते मोजायला हवे होते, आणि मी मोजले नव्हते. अंदाजाने दीड फेरी उघडा ठेवला. गाडी सुरू न होण्याचे कारण तेच असावे, अशी माझी समजूत झाली. पुढे कळले की त्या स्क्रूचा या प्रकरणाशी काहीच संबंध नव्हता.

१२ आणि १३ मे

लोकसभेच्या मतदानाची ड्युटी. गाडी तशीच छपरात उभी. साहित्य घ्यायला बसने गेलो आणि १३ तारखेला रात्री उशिरा पेट्या जमा करून परत आलो. मतदान केंद्रावर दुपारच्या शांत वेळेत सोबतच्या सरांना हकिगत सांगितली, तर ते क्षणाचाही विचार न करता म्हणाले, “कॉइल गेली असेल.” (कॉइल म्हणजे प्लगला ठिणगीपुरता विजेचा दाब देणारा भाग.) गाडी ज्यांनी पाहिलेली नाही त्यांचे निदान नेहमी असेच ठाम असते. मीही ते तितक्याच ठामपणे मान्य केले, हा दोष मात्र माझा.

१४ मे

सकाळी प्लगला करंट येतो की नाही ते पाहिले. प्लग काढून टोपीत बसवला, त्याचा धातूचा भाग हेडच्या पात्यांना टेकवला आणि किक मारली. काहीच दिसले नाही. मात्र उघड्या अंगणात, सकाळी दहाच्या उन्हात ठिणगी दिसत नाही, ती असली तरीही. म्हणून गाडी छपराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात नेली, वरून गोधडी पांघरली आणि पुन्हा पाहिले. तेथेही ठिणगी नव्हती, त्यामुळे करंट नाही हे नक्की झाले. (ही तपासणी करताना प्लग त्याच्या भोकापासून लांब धरावा. पेट्रोलने भरलेल्या सिलिंडरमधून किकेसरशी फवारा बाहेर येतो आणि ठिणगी त्याच्या वाटेत असेल तर भडका उडू शकतो.)

करंट नाही म्हणजे कॉइल गेली, असे गृहीत धरून अमळनेरला गेलो आणि ३८० रुपयांची नवी कॉइल आणली. कॉइल टाकीखाली असल्यामुळे पुन्हा टाकी उतरवली. नवी कॉइल बसवली, टाकी अजून खालीच होती, तेव्हा प्लग टेकवून किक मारली आणि निळी, कडक, टक्-टक् वाजणारी ठिणगी दिसली. घरात सगळ्यांना बोलावून दाखवली. मग टाकी चढवली, पाइप जोडला, कॉक उघडला आणि वीस किका मारल्या. गाडी सुरू झाली नाही. प्लग काढून पाहिला, तर ठिणगी पुन्हा गायब.

नवी कॉइल अर्ध्या तासात कशी जाईल, या प्रश्नाने डोके इतके व्यापले की दुकानदाराने खराब माल दिला असे मनात धरून मी उरलेला दिवस त्याच्यावर चिडण्यात घालवला. या सगळ्या कामातला सर्वांत वाया गेलेला दिवस हाच.

१५ मे

पहाटे एक साधी गोष्ट करून पाहिली, जी काल करायला हवी होती : टाकी उतरवून जुनी कॉइल परत बसवली. जुन्या कॉइलवरही तितकीच कडक ठिणगी आली. म्हणजे कॉइल मुळात निर्दोष होती आणि ३८० रुपये गेले.

आमच्या घराच्या पलीकडे विहिरींच्या मोटारी रिवायंडिंग करणारे एक काका राहतात. ते दूध घेऊन परत जाताना थांबले आणि म्हणाले, “काय व्हयनं, सर?” मी कॉइलची, करंटची, दुकानदाराची सगळी कथा सांगू लागलो. त्यांनी ती मध्येच तोडली : “ते ऱ्हाऊ द्या. काय काय खोलेल शे, ते पहिले सांगा.” मी यादी सांगितली. टाकीचे नाव आल्यावर त्यांनी विचारले की करंट टाकी खाली असताना येतो की वर असताना. हा प्रश्न मला चार दिवसांत एकदाही सुचला नव्हता.

या गाडीत किल्ली बंद केली की इंजिन बंद होते, ते वीज तोडल्यामुळे नव्हे. मॅग्नेटोपासून, म्हणजे इंजिनबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या भागापासून, सीडीआयला (ठिणगी पाडणाऱ्या डबीला) वीज मिळत असते आणि किल्ली बंद केल्यावर काळ्या-पांढऱ्या रंगाची एक वायर हिरव्या वायरीला, म्हणजे बॉडीला, जोडली जाते. मग सीडीआयकडे जाणारी वीज बॉडीत उतरते आणि ठिणगी थांबते. बॅटरी पूर्ण उतरलेली असतानाही ही गाडी किकवर सुरू होते, तेही याच रचनेमुळे. या काळ्या-पांढऱ्या वायरीचे आवरण कोठेही फाटून ती बॉडीला टेकली, तर किल्ली चालू असूनही गाडीच्या दृष्टीने ती बंदच असते.

काकांनी आपला मल्टिमीटर आणला. किल्ली चालू स्थितीत ठेवली, एक काडी काळ्या-पांढऱ्या वायरीच्या जोडात खुपसली, दुसरी इंजिनच्या बोल्टला लावली आणि मला टाकी जागेवर ठेवायला सांगितली. मीटर वाजू लागला, म्हणजे वायर बॉडीला टेकलेली होती. टाकी दोन बोटे उचलली, आवाज थांबला. सोडली, पुन्हा वाजू लागला. असे पाच-सहा वेळा केले, कारण तसे करताना एक प्रकारचे समाधान मिळत होते.

दोष माझाच होता. फ्रेमच्या मधल्या नळीवरून वायरींचा गुच्छ जातो आणि तो प्लास्टिकच्या क्लिपने नळीला बांधलेला असतो. अठरा उन्हाळे पाहिलेली ती क्लिप ११ तारखेला माझ्या हातात तुटली होती आणि “एक क्लिप नसल्याने काय बिघडते” म्हणून मी ती फेकून दिली होती. गुच्छ डावीकडे घसरला आणि टाकीच्या पोटातली पत्र्याची कड नेमकी त्याच्यावर बसली. आवरण उष्णतेने कडक झालेले असल्यामुळे लगेच चिरले. भिंगातून पाहिले तेव्हा तांब्याच्या दोन-तीन तारा चमकत होत्या आणि टाकीच्या कडेचा रंगही तेवढ्याच जागी खरवडला होता.

वायर कापून डाग दिला, वर आकसणारी नळी चढवली, संपूर्ण गुच्छाला कापडी टेप गुंडाळली आणि दोन केबल टायने तो नळीच्या उजव्या अंगाला घट्ट बांधला. खर्च चाळीस रुपये. डाग काकांनी दिला. पैसे घेतले नाहीत, चहा घेतला.

टाकी चढवली. करंट आहे. किक मारली. सायलेन्सरमधून एकदा फटकन आवाज आला आणि पुन्हा सगळे शांत. रात्री नऊपर्यंत किका मारल्या. करंट आहे, पेट्रोल येते आहे, प्लग ओला होतो आहे, तरीही गाडी सुरू होत नाही.

१६ मे

एका वेळी एकच बिघाड असतो, असे मी धरून चाललो होतो. माझ्या गाडीत तीन होते आणि तिन्ही एकाच सकाळी माझ्याच हातून झालेले होते.

काकांच्या प्रश्नाची यादी कागदावर लिहिली आणि जे जे उघडले होते ते एकेक करून तपासायचे ठरवले. टॅपेटपाशी येऊन थांबलो, कारण एक गोष्ट चार दिवस पायाला जाणवत होती आणि मी तिच्याकडे दुर्लक्ष करत होतो : किक हलकी लागत होती. पूर्वी किक एका ठिकाणी अडून मग सुटायची. आता ती विहिरीच्या रिकाम्या रहाटासारखी सरळ खाली जात होती. सर्व्हिसिंगमुळे इंजिन मोकळे झाले, असे मी त्याचे कौतुकही केले होते.

प्लग काढून त्याच्या भोकावर अंगठा दाबून धरला आणि हाताने किक खाली केली. चांगल्या इंजिनात अंगठा दाबून ठेवला तरी हवा त्याला उडवून लावते. येथे नुसती फुंकर लागली. मग एक चमचा इंजिन ऑइल भोकातून आत सोडून पुन्हा तेच केले. रिंगा झिजलेल्या असत्या तर तेलाने फट भरून कंप्रेशन, म्हणजे दाबलेल्या हवेचा जोर, थोडे तरी वाढले असते. काही वाढले नाही, म्हणजे हवा व्हॉल्व्हमधून जात होती.

टॅपेटची दोन्ही झाकणे उघडली. डाव्या बाजूच्या कव्हरमधली दोन बुचे काढली, फ्लायव्हीलच्या नटाला पाना लावून ते घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवले आणि खिडकीत टी ची खूण (पिस्टन सर्वांत वर असल्याची) जुळवली. टी ची खूण दोनदा येते, एकदा कंप्रेशनच्या शेवटी आणि एकदा एक्झॉस्टच्या शेवटी. दोन्ही रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे दांडे) हाताने किंचित हलत असतील तीच जागा खरी. माझ्या गाडीत इनलेटचा रॉकर हलत होता, एक्झॉस्टचा मात्र मुळीच हलत नव्हता. आणखी एक फेरा देऊन पाहिले. तेथेही तो हलला नाही. फिलर गेजची सर्वांत पातळ पातीही आत शिरेना. व्हॉल्व्ह कधीच पूर्ण बंद होत नव्हता.

हे कसे झाले, ते स्क्रू हाती घेतल्यावर कळले. ११ तारखेला फट बरोबर ठेवली होती, पण लॉक नट आवळताना वरचा चौकोनी स्क्रू धरून ठेवला नव्हता. नटाबरोबर तोही थोडासा फिरला. फट मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी ठेवायची असते, त्यामुळे स्क्रू डोळ्यांना दिसणारही नाही इतका फिरला तरी ती संपते. आवळल्यानंतर गेज पुन्हा घालून पाहायचे असते. मी आवळण्यापूर्वी पाहिले आणि झाकण लावून मोकळा झालो.

आणखी एक गोष्ट. टॅपेट थंड इंजिनवर सेट करायचे असतात आणि होंडाच्या पुस्तकांत ती मर्यादा ३५ अंशांची दिलेली असते. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी छपरातली न चाललेली गाडीसुद्धा याहून गरम असते. त्यामुळे हे काम पहाटे सहाच्या आतच उरकले. स्क्रू चिमट्याने धरला, नट आवळला, गेज घातले. पहिल्यांदा फट पुन्हा कमी झाली, दुसऱ्यांदा जास्त झाली. चौथ्या प्रयत्नात पाती हलक्या ओढीने सरकली, तेव्हा झाकणे लावली.

अंगठ्याला पुन्हा धक्का बसू लागला होता. सात वाजून दहा मिनिटांनी, तिसऱ्या किकेला गाडी सुरू झाली. सिलिंडरमध्ये टाकलेल्या तेलाचा निळा धूर तीन-चार मिनिटे निघाला आणि अंगणातल्या शेळ्या दावणीला हिसके देऊ लागल्या. वडील ओट्यावरून उठले नाहीत, फक्त म्हणाले, “बंद करून परत चालू कर.” केली. पहिल्या किकेला सुरू झाली.

१७ मे

सकाळी सहाला अमळनेरच्या दिशेने निघालो. टाकीत दोनेक लिटर पेट्रोल होते. सहा किलोमीटर गाडी व्यवस्थित गेली. पंपावर टाकी गच्च भरली आणि परत फिरलो. दोन-अडीच किलोमीटरवर इंजिनने आचके दिले आणि ते बंद पडले. किका मारल्या, काही नाही. पेट्रोलमध्ये पाणी आहे का ते पाहावे म्हणून टाकीचे झाकण उघडले, आत डोकावलो, काही दिसले नाही, झाकण लावले. थोड्या वेळाने किक मारली आणि गाडी सुरू झाली. पुन्हा दोनेक किलोमीटर, आणि पुन्हा बंद. मनातल्या मनात पंपवाल्याला नावे ठेवून झाली. (१४ तारखेच्या अनुभवानंतरही.)

दुसऱ्यांदा झाकण उघडताना कान जवळ होता, म्हणून आत हवा शिरल्याचा बारीक ‘सुस्स’ असा आवाज ऐकू आला आणि सगळा उलगडा झाला. पेट्रोल खाली जाते तेवढी हवा टाकीत यावी लागते आणि त्यासाठी झाकणात बारीक वाट असते. ती बंद असेल तर टाकीत हवेची ओढ तयार होते आणि पेट्रोल कार्बोरेटरकडे उतरत नाही. जाताना गाडी का चालली आणि येताना का नाही, हेही त्यातच होते. टाकी जवळजवळ रिकामी असताना आतल्या भरपूर हवेवर सहा किलोमीटर निभावले. टाकी गच्च भरल्यावर वर हवेला जागाच उरली नाही, त्यामुळे थोडे पेट्रोल जाताच ओढ बसली.

झाकणाखाली प्लास्टिकचा कागद होता, आणि तो मीच लावला होता. पावसाचे पाणी टाकीत जाऊ नये म्हणून वडील वर्षानुवर्षे तेथे पिशवीचा तुकडा लावत आलेले आहेत. ११ तारखेला मला तो जुनाट, भोक पडलेला दिसला, म्हणून तो फेकून खताच्या गोणीच्या आतल्या जाड, नव्या प्लास्टिकचा गोल तुकडा कापून बसवला होता. तो काढून खिशात घातला आणि घरापर्यंत न थांबता आलो.

१८ मे

किरकोळ कामे. गरम झाल्यावर इंजिन उगाच जोरात चालत होते. कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डमधली ओ रिंग बसवताना चिमटली गेली होती, ती बदलली. हवेचा स्क्रू इंजिन गरम असताना थोडा आत-बाहेर करून, जेथे ते सर्वांत सरळ चालते तेथे ठेवला. तो पावणेदोन फेऱ्यांवर आला.

एकूण हिशेब असा : ऑइल, फिल्टर वगैरे जे लागणारच होते ते सोडून कॉइल ३८०, वायरीचे सामान ४०, ओ रिंग १५, बसची दोन वेळची भाडी आणि किका मारण्यात उडालेले सव्वा लिटर पेट्रोल. गॅरेजमध्ये दिली असती तर यापेक्षा कमी पैशांत एका दिवसात झाली असती. नवी कॉइल बिलासह परत न्यायला गेलो होतो. दुकानदाराने विजेचा माल परत घेत नाही असे सांगितले, आणि त्याचे बरोबर आहे.

१९ मे

सकाळी साडेपाचला बहिणीला घेऊन पारोळ्याला निघालो. मागे तिची पिशवी, लोणच्याच्या कैऱ्या आणि पापडांचा डबा. जाऊन-येऊन गाडी एकदाही अडखळली नाही. साडेनऊला परत आलो, तेव्हा वडील छपरात टाकीच्या झाकणाचीच वाट पाहत बसले होते. हातात पिशवीचा नवा तुकडा होता. मी प्लास्टिकमुळे गाडी कशी बंद पडली ते सांगायला सुरुवात केली. त्यांनी ऐकून घेतले, कुंपणाच्या बाभळीचा एक काटा मोडला, तुकड्याच्या मधोमध टोचला आणि म्हणाले, “जुन्याला भोक पडलं नव्हतं रे. मीच पाडलं होतं.”